हेल्मेटमधला शब्दकोश

आखातातल्या रास तनुराच्या साइटवर रत्नागिरीकडचे एक फिटरचाचा होते. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही. आमचा साहेब नॉर्वेचा, म्हणून चाचांनी इंग्रजी ‘गेट’ (get) या क्रियापदाचे सगळे अर्थ आणि त्यांचे नॉर्वेजियन शब्द हेल्मेटच्या आत मार्करने लिहून ठेवले होते. मिळणे म्हणजे ‘फो’, आणणे म्हणजे ‘हेन्ते’, होणे म्हणजे ‘ब्ली’. साहेब समोर आला, की चाचा घाम पुसायच्या निमित्ताने हेल्मेट काढून आत डोकवायचे. आपली भाषा ऐकून साहेब इतका खूश व्हायचा, की चाचांचा पाना स्वतःच आणून द्यायचा.

‘समजणे’पुढची जागा मात्र कोरी होती.

“हा नाही सापडला?” मी विचारलं.

चाचांनी हेल्मेट डोक्यावर चढवलं. “सापडला रे. पण समजलं म्हटलं, की काम आपल्याच गळ्यात पडतं!”