मापाची मुलगी

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, सुपेल्याच्या बाजारात, मोठ्या चौकातून आत वळलं की एक अरुंद जिना लागायचा. खाली चपलांचं दुकान, वर कपड्यांचं. दोनेक वर्षं मी आठवड्यातून दोनदा तरी तो जिना चढले असेन. त्या काळात तिथून माझ्यासाठी चार ड्रेस घेतले गेले. अंगात घातले मात्र दीडशे तरी.

सुरुवात नववीत झाली. दिवाळीच्या आधी आई मला ड्रेस घ्यायला घेऊन गेली होती. दुकान एक बाई चालवायच्या. पन्नाशीच्या, जाड चष्मा, गळ्यात मापाची टेप. सगळे त्यांना आंटी म्हणत, म्हणून मीही. त्या दिवशी गल्ल्याजवळ एका गिऱ्हाइकाची पंचाईत झाली होती. तिला भाचीसाठी ड्रेस हवा होता, भाची बिलासपूरला होती, आणि माप म्हणून ती बाई हवेत हात धरून उभी होती.

"इतनी लंबी है," ती म्हणाली.

आंटींनी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात बरोबर माझ्या डोक्याइतका होता.

"बेटा, एक मिनट. ये पहन के दिखाओगी?"

आई ओढण्या पाहण्यात गुंतली होती. मी पडद्यामागे गेले, ड्रेस घालून बाहेर आले. बाईनं पुढून पाहिलं, मागून पाहिलं, ड्रेस घेतला आणि गेली. आंटी म्हणाल्या, कंपनीवाले ज्या अंगावरून कपडे कापतात ना, ते अंग हेच. तोवर माझी कुठलीच गोष्ट कुणी प्रमाण मानली नव्हती. गणितात तर नाहीच.

माझी ट्यूशन सुपेल्यातच होती. ती सुटली की मी सायकल जिन्याखाली लावायची आणि वर जायची. जवळ नसलेल्या माणसासाठी कपडे घेणारे लोक एवढे असतात हे मला तिथं कळलं. हॉस्टेलमधल्या मुलींच्या आया यायच्या. राखीच्या आधी भाऊ यायचे, त्यांना रंग विचारला तर म्हणायचे, "लड़कियों वाला." मी घालायची, दाखवायची, काढायची. मोबदल्यात एक समोसा आणि नवीन माल सगळ्यांच्या आधी पाहायची मुभा.

उभं कसं राहायचं ते आंटींनी शिकवलं. खांदे मागे, हात अंगापासून जरा दूर, वळायचं सावकाश. आणि हसायचं नाही. हसलं की लोकांना वाटतं आपण काहीतरी विकून राहिलो.

घरी, वैशाली नगरला, हे कुणाला नीट माहीत नव्हतं. बाबा रेल्वेच्या यार्डात होते. त्यांच्या लेखी कपडे दोन प्रकारचे, ड्यूटीचे आणि धुवायला टाकलेले. आईला मात्र शंका आली.

"तू रोज तिथी कावून जाऊन राहिली?"

"कपडे पाहाले."

"घेत तर नाही काही."

"पाहाले पैसे नाही लागत, आई."

"मंग जाऊ दे तिले," बाबा पेपरातून म्हणाले. विषय संपला.

अकरावीच्या हिवाळ्यात राजनांदगावहून एक नवरा-बायको आले. मुलाचा साखरपुडा ठरला होता, होणाऱ्या सुनेसाठी लहंगा हवा होता. मुलीचं माप नव्हतं. फोटो होता, पण त्यात ती खुर्चीवर बसली होती. आंटींनी फोटो पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाल्या, "बस, ऐसी ही होगी."

लहंगा डाळिंबी रंगाचा होता, भरपूर जरीचा. मी तो घालून बाहेर आले, सावकाश वळले. होणाऱ्या सासूबाईंचे डोळे भरून आले. त्यांच्या यजमानांनी घड्याळ पाहिलं. मग सासूबाई मला विचारू लागल्या, कितवीत आहेस, वडील काय करतात, घरी कोणती भाषा बोलता.

"लहंगा देखिए, बहनजी," आंटी म्हणाल्या. "लड़की बिकाऊ नहीं है."

त्यांनी लहंगा घेतला. आठ दिवसांनी दोघं तो परत घेऊन आले. लहंगा बसत नव्हता. या वेळी सोबत ती मुलगीही होती. माझ्याहून वीतभर उंच, खांद्यांनी रुंद, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढणारी. मागून सासूबाईंचा आवाज येत होता, "उस लड़की पर तो कितना जँच रहा था!"

ती लड़की, म्हणजे मी, स्टुलावर बसून समोसा खात होते. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

आंटींनी त्याच रंगाचा मोठा लहंगा काढला आणि हूक लावून द्यायला मला तिच्यासोबत पडद्यामागे पाठवलं. मी पाठीमागे हूक लावत असताना तिनं हळूच विचारलं, "तुम पर सच में अच्छा लगा था?"

"हाँ," मी म्हणाले. खोटं सुचायला वेळच मिळाला नाही.

तिनं मान हलवली. "मुझे इसमें साँस नहीं आती. बाहर वो नीला टँगा है ना, लंबावाला? मुझे वो चाहिए."

"तो बोल दो."

"उस घर में मेरा बोलना अभी शुरू नहीं हुआ है."

ती बाहेर आली. सासूबाईंनी तिला चालायला सांगितलं, पुन्हा चालायला सांगितलं, आणि मग माझ्याकडे वळल्या. "बेटी, तुम वो पहलेवाला एक बार फिर पहन के दिखाओ. बहू को समझे, कैसे चलना है."

मी जुना लहंगा घेऊन पडद्यामागे गेले. घालेपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं. बाहेर पाऊल टाकताना ठरलं. मी खांदे पाडले, पोट सोडलं, बस सुटत असल्यासारखी चालले. वळताना हसले. मग मान खाजवली.

"चुभता है," मी म्हणाले. "उस दिन भी चुभा था. मैं बोली नहीं."

या वेळी सासूबाईंचे डोळे कोरडे राहिले. त्यांनी जरीवरून बोट फिरवलं आणि ते बोट बघत राहिल्या. तेव्हा त्यांचे यजमान दोन फेऱ्यांत पहिल्यांदाच बोलले. "वो नीलावाला दिखा दो."

निळा ड्रेस घालून ती मुलगी बाहेर आली तेव्हा पूर्ण उंचीची उभी होती. कुणी तिला चालायला सांगितलं नाही. मला तिचा हेवा वाटला. तो ड्रेस माझ्या अंगावर पायात अडकला असता.

ते गेल्यावर आंटी बराच वेळ लहंग्याची घडी घालत होत्या. तो त्या निळ्या ड्रेसपेक्षा कितीतरी महाग होता.

"चुभता है?" त्यांनी विचारलं.

"थोड़ा."

"मैंने बाँह पर घिस के देखा था. नहीं चुभता."

त्यांनी घडी कपाटात ठेवली, चष्मा पुसला. "बेटा, अब से अपने लिए आया करो."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी सायकलवर रडायचा प्रयत्न केला, पण सुपेल्याच्या ट्रॅफिकमध्ये ते नीट जमलं नाही.

वर्षभर मी तो जिना चढले नाही. बारावीच्या निरोप समारंभासाठी आईनंच नेलं. मी पिवळा ड्रेस उचलला. पिवळे मी तिथं कितीतरी घालून दाखवले होते.

"ये रंग तुम पर कभी अच्छा नहीं लगा," आंटी म्हणाल्या.

"आपने कभी बोला नहीं!"

"लेनेवाली तुम थोड़ी थी."

मग त्यांनी आतून एक शेवाळी रंगाचा कुर्ता आणला. असा रंग मी आयुष्यात हातात धरला नसता. मी घालून आले. आंटींनी चष्मा वर करून पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि आईला म्हणाल्या, "ये." आईनं भाव केला नाही. मी आईला भाव न करता काही घेताना तेव्हाच पाहिलं. कोपरं विरेपर्यंत मी तो कुर्ता घातला, नागपूरला कॉलेजात गेल्यावरही.

नंतर कधीतरी दुकान बंद झालं. आंटी मुलाकडे गेल्या म्हणतात, कुठे ते चपलांच्या दुकानवाल्याला सांगता येईना. वर आता दाताचा दवाखाना आहे. मागच्या उन्हाळ्यात माझी दाढ दुखत होती म्हणून मी तिथं गेले. खुर्चीत आडवी पडून छताकडे पाहत होते, तेव्हा कळलं की दुकानातला मोठा आरसा होता तो इथेच. डॉक्टरीणबाई विशीतल्या वाटत होत्या. त्यांनी विचारलं, आधी कधी आलात का इथं? तोंडात कापूस होता, म्हणून मी नुसती मानेनंच हो म्हटलं. त्यांना माझी जुनी फाईल सापडेना.

घरी येऊन आईला सांगितलं, आंटींच्या दुकानात आता दात पाहतात.

"बरं झालं," आई म्हणाली. "तिथी उजेड लय चांगला होता."