डाव्या हाताची प्लेट

नागापूरच्या एका एजंटनं मला फसवलं. राजूरच्या एका वेल्डरला त्यानं माझ्यापेक्षा जास्त फसवलं. हे आधी लिहून टाकतो, कारण पुढं मला बऱ्याच जणांचे आभार मानायचे आहेत आणि त्या नादात मूळ गोष्ट राहून जायला नको.

मी पारनेर तालुक्यातला. वेल्डिंग शिकलो आणि नोकरीला लागलो ते नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये. मी डावखुरा. तिथले जुने उस्ताद पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "जेव उजव्यानं, न्हाई तर आई मारंल. होल्डर मात्र डाव्यानंच धर." दुसऱ्या कुणी माझा हात बदलायला लावला असता. त्यांनी लावला नाही, हा पहिला उपकार.

पोलंडमधल्या एका गोदीला जहाजांसाठी वेल्डर हवे होते. त्याची रीत अशी की तिथली कंपनी आधी माणसाच्या नावानं तिच्या सरकारकडून परवाना काढते आणि त्यावर आपल्याला व्हिसा मिळतो. मग काम फक्त त्याच कंपनीत करायचं, मुदत संपली की घरी. माणसं गोळा करायचं काम एजंटकडे होतं. नागापूरच्याच दुसऱ्या एका शेडमध्ये परीक्षा झाली. प्रत्येकाला नंबर ठोकलेली लोखंडी प्लेट दिली. तिला दुसरी प्लेट जोडून दाखवायची. पांढऱ्या मिशांचा पोलिश सुपरवायझर आमच्या पाठीमागून फिरत होता. हेल्मेट घातल्यावर आम्ही सगळे सारखेच. तो माझ्यामागं जरा जास्त वेळ थांबला. कुठला नंबर कुणाचा, हे त्याला एजंट सांगणार होता.

दुसऱ्या दिवशी एजंट म्हणाला, माझी प्लेट पास झाली. मग मी घासाघीस सुरू केली. मी म्हणालो, पासपोर्टवर व्हिसा चिकटला की पैसे, त्याआधी दमडी नाही.

"शेठ, भाजी घ्यायला आलाय का?"

"भाजी तर मी दाबून बघून घेतो."

तो हसला. सौदा ठरला, असं मी समजलो.

मित्रांनी गावच्या फाट्यावर फ्लेक्स लावला. परदेशी निघाल्याबद्दल अभिनंदन, मी गॉगल घातलेला, आणि खाली शुभेच्छुकांत एजंटचा फोटो. गावानं शाल-नारळ दिला. मी शेडमधली नोकरी सोडली. आमच्याकडं माणूस विमानात बसायच्या आधी फ्लेक्सवर बसतो.

मग एजंटनं बोलावून सांगितलं, "पाहुणे, तुमचं नाव न्हाई आलं. कंपनीनं राजूरचा एक माणूस घेतला." मी त्याची कॉलर धरली. चार जणांनी सोडवलं. खरी गोष्ट मला फार नंतर कळली. राजूरवाल्यानं पैसे आधीच भरले होते, म्हणून एजंटनं माझ्या नंबरापुढं त्याचं नाव लावलं.

फ्लेक्स बायकोनं उतरवला आणि कडब्याच्या गंजीवर टाकला. म्हणाली, "तोंड खालच्या बाजूला केलंय तुमचं. पावसात गॉगल भिजायला नको." आणि लगेच, "उद्या शेडवर जा. मालक काय खात न्हाईत." मी गेलो. मालकांनी मान वर करून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "कोपऱ्यातल्या मशीनची केबल नवी आहे, जपून ओढ." पोलंडचा विषय त्यांनी कधीच काढला नाही. मी भांडकुदळ माणूस, टोमण्याला उत्तर तयार ठेवून गेलो होतो. ते द्यायची वेळच त्यांनी येऊ दिली नाही. त्यांचे आभार मी तोंडावर कधी मानले नाहीत. इथं मानतो.

एक दिवस पोलंडहून फोन आला.

"दादा, मी राजूरचा. तुमच्या जागेवर आलेला."

मी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. त्यानं ऐकून घेतल्या.

"झालं का? आता माझं ऐका. तुमी डाव्या हातानं वेल्डिंग करता ना?"

सुपरवायझरनं पास झालेली प्लेट जपून ठेवली होती. उजव्या हाताचा माणूस बहुतेक डावीकडून उजवीकडं वेल्ड ओढतो, मी उलटा ओढतो. हात कुठून कुठं गेला, ते वेल्डच्या वळ्यांवरून दिसतं. राजूरवाल्याला उजव्या हातानं काम करताना बघून म्हाताऱ्यानं ती प्लेट आणून त्याच्यापुढं ठेवली.

"मला वाटायचं माझीच प्लेट पास झाली. एजंटनं तसंच सांगितलं हुतं. पण ही माझी न्हाई, असं मी सायबाला सांगून टाकलं. म्हणलं, एक डावखुरा हुता नगरकडचा, चहाच्या रांगेत माझ्याशी भांडलेला."

"गप्प बसायचं की रे."

"कसं बसनार? प्लेट पुढ्यात हुती."

त्याची पुन्हा परीक्षा घेतली. खालून वर चढत जाणारं उभं वेल्डिंग त्याला जमलं नाही. दुसऱ्या कंपनीत जायला त्याचा व्हिसा चालत नव्हता. तो परत आला. त्याचा परवाना माझ्या नावावर होण्यासारखा नव्हता, म्हणून म्हाताऱ्यानं कंपनीच्या मागं लागून माझ्यासाठी नवा काढायला लावला, एजंटला बाजूला ठेवून. कित्येक महिने गेले. मी पोचलो तेव्हा माझ्या जागेवर मशीन, केबल, रॉडचा डबा सगळं डाव्या हाताला मांडलेलं होतं. मुदतभर मी कुणाशीही न भांडता काम केलं. घरी हे कुणाला खरं वाटत नाही.

परत आल्यावर मी राजूरला गेलो. बाजाराजवळ तो गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवतो. चहा मागवला. मी म्हणालो, "आधी तू घे, रांगेत तू पुढं होतास." तो हसला. मग त्यानं मला एक जोड दाखवला, उभा, खालून वर. स्वच्छ होता.

"आता जमतंय," तो म्हणाला. "तेव्हाच कुणी सांगितलं असतं तुजं कच्चं हाय, तर हितं शिकून, पुन्हा परीक्षा देऊन गेलो असतो."

माझं नुकसान भरून निघालं. चांगली माणसं भेटली, माझं घर उभं राहिलं. त्या एजंटचा नवा फ्लेक्स परवा नागापूरच्या चौकात बघितला. मला त्याच्याकडून काही नको. त्यानं राजूरला जावं, त्या दुकानात उभं राहावं आणि ज्या माणसानं दुसऱ्याच्या प्लेटवर आपली पोटाची भाकरी टिकवली नाही, त्याला सांगावं, की बाबा, तुझी स्वतःची प्लेट नापास झाली होती, ती मी कुठं टाकली आणि तुझ्यापासून का लपवली.