काष्टीतला आनंदाचा प्रश्न

भावनांवर ताबा कसा ठेवता, हे विचारणारी परदेशी प्रश्नावली पिशवीत घालून मी नगरहून निघाले आणि एसटी स्टँडवरच, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या बाईशी कडाकडा भांडले. जागा तिलाच मिळाली. काष्टीपर्यंत मी उभ्याने स्वतःला गुण देत होते. फारच कमी भरले.

प्रश्नावली मराठीत मीच आणली होती. ती गावाकडे लोकांना कितपत कळते ते पाहून ये, असं माझ्या मार्गदर्शक मॅडमनी बजावलं होतं. उतरले तो बाजाराचा दिवस. कांद्याच्या गोण्या आणि टेम्पो यांतून वाट काढताना एका म्हशीने माझ्या पदराला शेपूट पुसलं. अशा वेळी ‘प्रसंगाकडे वेगळ्या नजरेने पाहावं’ असं आमचं मानसशास्त्र सांगतं. पाहिलं. शेणच होतं.

ओळखीच्या घरी पारूबाई आणि त्यांची सून सुनंदा वाट पाहत होत्या. आधी जेवण झालं. भाकरी आणि शिपी आमटी (मिश्र डाळींची झणझणीत आमटी) खाऊन माझं नाक वाहायला लागलं. ते पुसत मी वाचलं, "आनंद झाला तरी मी तो दिसू देत नाही. बरोबर?"

"बरोबर," पारूबाई म्हणाल्या.

"कधीच नाही?"

"आनंद काय दाखवायचा आसतो व्हय, बाई? नजर लागती."

सुनंदाचंही तेच उत्तर. मला दोघींची कीव आली आणि मी मन मोकळं करण्यावर छोटंसं व्याख्यान दिलं. दोघींनी ते गुमान सोसलं.

सुनंदा मला स्टँडवर सोडायला आली. गाडी दिसली तशी ती हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, मला दिवस गेल्यात. आदीचे दोन टिकले न्हाईत. घरच्यांबिगर कुनाला सांगितलं न्हाई. तुमी परगावच्या, म्हनून."

तिला मिठी मारावी असं वाटलं. पण शेजारच्या बायका बघत होत्या आणि तिचा चेहरा कोरा होता. मीही माझा तसाच केला आणि मोठ्याने कांद्याचा भाव विचारला. तिने तितक्याच मोठ्याने सांगितला.

परतताना बसायला जागा मिळाली. तो प्रश्न आता बदलावा लागणार होता. आनंद कुणापासून लपवता आणि कशासाठी, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. इतक्यात मॅडमचा फोन आला.

"कळले का प्रश्न लोकांना? काही विशेष?"

सुनंदाचा कोरा चेहरा आठवला. आनंद होता, आणि भीतीही.

"नाही मॅडम," मी म्हणाले, "विशेष काही नाही."