पुढची चाकं चढली की थांब

शरद गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी मला त्याचा फोन आला होता. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. एकदम, "ताय, लोखंडाचेच बरे ना? अ‍ॅल्युमिनियमचे नको ना?" कशाबद्दल बोलतोय हे मला विचारावं लागलं नाही. ट्रेलरला नवे रॅम्प कुठले लावायचे या एका प्रश्नावर माझ्या या धाकट्या भावाने कित्येक महिने घरादाराचं डोकं खाल्लं होतं. मी म्हटलं, "अरे बाबा, मी इथे पालघरात भाजी निवडत बसलेय. मला काय कळतंय त्यातलं? ट्रेलर बोईसरला नेऊन उभा केलास, ऑर्डर दिलीस, आता गप झोप!" तो हसला नाही. "उद्या जाऊन स्प्रिंगा बघतो," एवढंच म्हणाला. सकाळी त्याच्या मुलीचा, मयुरीचा फोन आला. बोईसरला निघायचं म्हणून त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि चहाला म्हणून ओट्यावर टेकला होता... "आत्या, पप्पा बोलत नाय." पालघरजवळच्या आमच्या माहीम गावी पोचेपर्यंत रिक्षात मी देवाला नाही नाही ते कबूल केलं. पण तो तेव्हाच गेला होता. हृदयाने दगा दिला, डॉक्टर म्हणाले.

रस्त्यावर ज्यांना लांब धावता येत नाही अशी मशिनं ट्रेलरवर चढवून जागेवर पोचवायची, हा शरदचा धंदा. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतले फोर्कलिफ्ट आणि लोडर, गावाकडचे ट्रॅक्टर. आमची माहीमची वाडी मोठ्या भावाने सांभाळली, शरदला मात्र लहानपणापासून चाकांचं वेड. ट्रेलरची पाठ कमरेएवढी उंच असते. तिथवर मशिन चढवायला मागे दोन तिरपे रॅम्प टेकवतात. सुरुवातीला याच्याकडे होत्या नुसत्या लाकडी फळ्या! चिखलात त्यांवरून टायर घसरायचे. मग याने मुरबे गावच्या कोळी मित्रांकडून मासेमारीची फाटकी जाळी आणली आणि फळ्यांवर बांधली. पकड छान बसायची. आम्ही सगळ्यांनी त्याच्या डोक्याचं कौतुकही केलं. मग एकदा मासवणला शेतातून ट्रॅक्टर चढवताना ते जाळं टायरच्या खाचांत अडकलं, आणि टायरने फळीच उपसून काढली. ट्रॅक्टर कलंडला. चालवत होता शरद स्वतः. उडी मारली म्हणून वाचला, नाहीतर काय झालं असतं ते आजही मनात आणवत नाही. त्या जाळ्याचा एक हिरवा तुकडा त्याने केबिनच्या आरशाला बांधून ठेवला. लोक लिंबू-मिरची बांधतात, आमचा भाऊ जाळं बांधतो, असं मी त्याला चिडवायची.

पण त्या दिवसाचा त्याने जो धसका घेतला, तो कायमचा. तेव्हापासून कुठलंही मशिन चढवताना पुढची चाकं रॅम्पवर आली की तो हात वर करून ओरडायचा, "थांब!" मागची चाकं अजून जमिनीवर. मग हा वाकून रॅम्प ट्रेलरला बांधलेल्या साखळ्या बघणार, ट्रेलरच्या मागच्या टोकाखाली लावलेले लाकडी ठोकळे पायाने ढकलून बघणार, आणि मगच, "ये." कारखान्यांतली माणसं वैतागायची. "अरे भाई, चढ पे कौन रुकता है?" पण हा ढिम्म हलायचा नाही.

मयुरी कॉलेज झाल्यावर म्हणाली, मी पण मशिन चढवणार, आणि याची झोपच उडाली. नाही म्हणायचा स्वभाव नव्हता त्याचा. शिकवलं सगळं. तिलाही भर कारखान्यात थांबवायचा. "पप्पा, सगळे हसतात हो!" ती कुरकुरायची. "हसू दे. ये, बाय, सावकाश." पण आपल्यामागे हिला एकटीला काम करावं लागलं तर? फळ्यांच्या जागी आणलेले जुने लोखंडी रॅम्प तिला एकटीला उचलणार नाहीत. अ‍ॅल्युमिनियमचे उचलतील, पण अवजड मशिनखाली वाकले तर? आखूड घेतले तर चढ उभा होतो आणि फोर्कलिफ्टचं पोट वरच्या कडेला टेकतं. लांब घेतले तर मध्ये झोल येतो. जेवताना हा भातावर बोटाने चढ काढून बघायचा, आणि त्याची बायको, आमची वहिनी, ताट ओढून घ्यायची. शेवटी ठरलं ते असं : लोखंडाचेच, पण ट्रेलरला बिजागरीने कायमचे जोडलेले, स्प्रिंगवाले. म्हणजे उचलायला नकोत, सुटायला नकोत, एका हाताने उघडतील-मिटतील. बोईसरचा वेल्डिंगवाला कंटाळून म्हणाला होता, "सेठ, इतना तो लोग लड़की की शादी में नहीं सोचते." शरद म्हणाला, "लड़की के लिए ही सोच रहा हूँ."

ट्रेलर तयार होऊन घरी आला तेव्हा अंगणात बघणारे सगळे होतो, तोच तेवढा नव्हता. काही आठवड्यांनी बोईसरचं पहिलं काम आलं, एका कारखान्यातून लोडर उचलायचा होता. मयुरी म्हणाली, जाते. वहिनीने माझा हात धरला. "ताय, तुमी जा तिच्यासंगं. मला नाय बघवणार." मला तरी कुठे बघवणार होतं! पण गेले. वाटभर तो हिरवा जाळ्याचा तुकडा डोळ्यांसमोर हलत होता आणि मला मासवणचा कलंडलेला ट्रॅक्टर दिसत होता. ज्या रॅम्पवर अजून एकदाही चाक चढलं नाही, त्यावर आपण पोरीला पाठवतोय. आणि ज्याने ते निवडले त्याला स्वतःलाच शेवटपर्यंत खात्री नव्हती... "लोखंडाचेच बरे ना?" मी काय उत्तर दिलं होतं, तर गप झोप!

मयुरीने ठोकळे लावले. एका हाताने एक रॅम्प खाली घेतला, मग दुसरा. लोडरवर बसली. मी बाजूला उभी, तोंडात पदर. लोडर आला, पुढची चाकं चढली, स्प्रिंगा करकरल्या... आणि लोडर थांबला.

काय झालं? घसरलं? काही तुटलं? इंजिन तर चालू होतं. कारखान्याचा एकजण ओरडला, "मॅडम, रुको मत!" मयुरी हलली नाही. स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ती वाट बघत होती.

मी पुढे झाले. काय बघायचं ते मला कळत नव्हतं, तरी वाकून डावीकडची बिजागरी बघितली, उजवीकडची बघितली. पायाने ठोकळे ढकलून बघितले. काही हललं नाही, कुठे झोल नव्हता. हात वर केला.

"ये, बाय," मी म्हटलं. "सावकाश."