डाव्या बाजूची सीट

अण्णा गेला तेव्हा त्याच्या स्पोर्ट्स कारमध्ये एकच सीट होती.

दुसरी त्याच्या मळमड्डीच्या घरात. हॉलमध्ये, लाकडी स्टँडवर. तिच्यात बसून वहिनी मटार सोलायच्या.

आज वर्ष झालं. पोस्ट वगैरे टाकणार नव्हतो, पण सकाळी जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

श्रीपादअण्णा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हुबळीजवळच्या बेलूर इंडस्ट्रियल एरियात मशीन शॉप, तोंडात कायम बडीशेप आणि डोक्यात रेसिंग.
मी हुबळीतला वकील. त्याचा को-ड्रायव्हर, म्हणजे रेसमध्ये आळीपाळीने तीच गाडी चालवणारा, आणि भांडायला हक्काचा माणूस.

त्याने एक जुनी जपानी टू-सीटर घेतली. घरी सांगताना म्हणाला, "सुमती, तुझ्यासाठीच आणलीय बघ. दोघं दांडेलीला जाऊ."

वहिनी त्या गाडीतून एकदाच गेल्या. देवळापर्यंत.

मग अण्णाच्या कानावर आलं की चेन्नईजवळच्या ट्रॅकवर सहा तासांची एन्ड्युरन्स रेस आहे, आणि तिच्यात प्रॉडक्शन कारचा वेगळा क्लास आहे. म्हणजे शोरूममधून निघालेलीच गाडी. इंजिन आणि बॉडी कंपनीची ठेवायची, बाकी नियमात बसेल तेवढं करायचं.

झालं. गाडी बेलूरला गेली ती गेलीच.

कार्पेट निघालं, एसी निघाला, स्टिरिओ निघाला. वजन कमी करायच्या नादात अण्णाने आतला दिवासुद्धा ठेवला नाही.
आणि एका दुपारी डावी सीट.

नेमक्या तेव्हाच वहिनी डबा घेऊन आल्या. सीट जमिनीवर पडलेली. अण्णा लहान मुलासारखा पकडला गेला.
"ही एक रेस होऊ दे, परत बसवतो," म्हणाला.
वहिनींनी त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. मला ऐकू आलं नाही. अण्णा मान हलवत होता.

पुढच्या आठवड्यात रोल केज सुरू झाला. गाडी उलटली तर आतला माणूस वाचावा म्हणून पाइपांचा पिंजरा करतात, तो. दोन्ही दारांत गुडघ्याच्या उंचीला एकेक आडवा पाइप येतो.

उजवा पाइप अण्णाने वेल्ड केला. डावा बोल्टने बसवला.

मी डोकं धरलं. इकडे आपण दिवा काढून वजन वाचवतोय, आणि तिकडे हा माणूस जाडजूड बोल्ट घालतोय! त्या बाजूला बसणारं कुणी नाही, मग वेल्ड करून मोकळा हो की. चांगला तासभर युक्तिवाद केला मी.

"नियमात चालतं का, तेवढं सांग," अण्णा म्हणाला.
चालत होतं. नियम मीच वाचले होते.
"मग इरली बिडो."

वाद संपवायचा असला की तो कन्नडमध्ये शिरायचा. इरली बिडो. राहू दे, सोड. त्याच्यापुढे कुठलंही अपील नसायचं.

गाडी ट्रकवर चढली तेव्हा वहिनींनी खंडेनवमीला करतात तशी पूजा केली आणि नाकाडावर झेंडूचा हा भलामोठा हार बांधला. अण्णाने तो चेन्नईपर्यंत कुणाला काढू दिला नाही.
तिथं तपासणीच्या आधी काढला. पण वाटेतल्या वाऱ्याने निम्म्या पाकळ्या गाडीच्या पुढच्या जाळीतून आत गेल्या होत्या, ते कुणाच्या लक्षातच आलं नाही.

रेसच्या मध्यावर टेम्परेचरचा काटा चढायला लागला. गाडी मी चालवत होतो. ट्रॅकशेजारी दुरुस्तीला थांबतात त्या पिटमध्ये आणली, पुढचा भाग खोलला, तर रेडिएटरवर शिजलेल्या झेंडूचा थर.

शेजारच्या टीमची पोरं फोटो काढत होती. अण्णा हातात पाण्याची नळी घेऊन खाली बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

क्लासमध्ये शेवटचे आलो. पण सहा तास पूर्ण केले, आणि आमच्या लेखी तेच सगळं होतं.
अण्णाने पहिला फोन घरी लावला. "सुमती, तुझ्या झेंडूसकट पोचलो."

मग पुढची रेस आली. मग त्याच्या पुढची.
दर वेळी "ही एक होऊ दे."
सीट तोवर हॉलमध्ये स्थिरावली. नवखा पाहुणा बसला की बाजूचा खटका दाबायचा आणि धाडकन मागे आडवा व्हायचा.

मग आजारपण आलं.
हॉस्पिटलमध्ये शेवटी शेवटी फार बोलायचा नाही. एकदा माझा हात धरून म्हणाला, "सीट राहिली रे."
मी म्हटलं, मी बसवतो.

आज सकाळी बसवली. वहिनी इरकल नेसून बेलूरला आल्या. दार उघडलं. आडव्या पाइपाकडे बघून तिथंच थांबल्या.

"ह्याच्यावरनं पाय टाकायला नाही जमायचं रे मला. राहू दे. बघितली, पुरे झालं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळा विचार केला होता, त्यांच्या गुडघ्यांचा केला नव्हता.

आणि मग ते बोल्ट दिसले.

पाना आणला. बोल्ट काढले. पाइप अलगद माझ्या हातात आला.

वहिनींनी त्या पाइपावरून हात फिरवला.
"सीट काढली त्याच दिवशी सांगितलं होतं मी. परत बसवशील तेव्हा मला उड्या मारायला लावू नको म्हणून. मला वाटलं, विसरला."

कोर्टात भल्याभल्यांना रडवलंय मी. आज तिथं, शॉपमधल्या सगळ्यांसमोर, हातात पाइप घेऊन मी रडलो.

वहिनी बसल्या. पाइप परत लावला. रविवारच्या मोकळ्या रस्त्यावर बेलूरला एक चक्कर मारली. एसीचं बटण कुठाय, असं त्यांनी दोनदा विचारलं.

अण्णा, तुला मनापासून नमस्कार.
सीट बसवली. वहिनींचा पट्टा मी स्वतः लावला.

आता इरली बिडो.