भट्टीच्या नळीतला बोळा

रियाधमध्ये हिवाळा असतो हे साताऱ्यात कोणी मानायला तयार नसतं. वाळवंट म्हणजे बारा महिने ऊन, एवढा भूगोल सगळ्यांना येतो आणि तेवढा पुरेसा वाटतो. बाबा नोव्हेंबरात माझ्याकडे आले ते एकच स्वेटर घेऊन, आणि तोही विमानात थंडी वाजते म्हणून. इथे जानेवारीत पहाटे पारा चार-पाच अंशांवर येतो. घरं मात्र सगळी उन्हाशी भांडायला बांधलेली. संगमरवरी फरशी, उंच छत, जाड भिंती. थंडी एकदा आत शिरली की इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, मिळाल्यासारखी राहते.

आमचं कंपाउंड फार पूर्वी कुठल्याशा परदेशी इंजिनियरांसाठी बांधलेलं. ते गेले आणि मागे जाळी नसलेलं एक टेनिस कोर्ट आणि प्रत्येक घरात एक गॅसची भट्टी ठेवून गेले. स्वयंपाकघराशेजारच्या लहानशा खोलीत, वॉशिंग मशीनच्या बाजूला, ती कपाटासारखी उभी असते. कंपाउंडच्या टाकीतून गॅस येतो, आत जळतो आणि गरम हवा छतातल्या झरोक्यांतून घरभर फिरते. भट्टीतून तीन पांढऱ्या नळ्या भिंतीबाहेर मागच्या अंगणात निघतात. दोन जाड, एक बारीक. जाडांपैकी एकीतून जळायला लागणारी हवा आत येते, दुसरीतून धूर बाहेर जातो. बारीक नळी हिवाळाभर थेंब थेंब गळत असते. सात वर्षं मी त्या घरात राहत होते आणि ती का गळते हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

बाबांना तो पहिल्याच आठवड्यात पडला. त्यांची अख्खी नोकरी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात गेली. गळती हा शब्द ते असा उच्चारायचे, जसा दुसरा कोणी लाच म्हणेल. आमच्या लहानपणी पाहुणे आले की ते त्यांना आधी कुठल्या पेठेत पाइप फुटलाय ते सांगायचे आणि मग बसा म्हणायचे.

आई गेल्यापासून ते साताऱ्याला एकटेच होते. आदल्या हिवाळ्यात न्हाणीघरात पडले आणि दोन दिवस कोणाला काही बोलले नाहीत. शेजारच्या काकूंनी मला फोन केला तेव्हा कळलं. म्हणून मी त्यांना व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. परतीचं तिकीट जानेवारीअखेरचं होतं. ते पुढे ढकलून निदान थंडी सरेपर्यंत त्यांनी राहावं, एवढीच माझी इच्छा होती. पण मी हॉस्पिटलात रेडिऑलॉजी विभागात, सकाळी सातला घराबाहेर. नवरा यान्बूच्या रिफायनरीत, पंधरा दिवसांनी एकदा येणारा. मुलगा शिकायला पुण्यात. दिवसभर त्या संगमरवरात बाबा एकटे.

"माझं इथे काम काय?" ते विचारायचे.

"आराम करा."

"आराम साताऱ्यालाही मिळतो. तिथे निदान पेपर मराठीत असतो."

ते खुर्चीत बसत तेही टोकावर, यजमान आत गेलाय आणि आता चहा आणील अशा बेताने. कपाट उघडायचं तरी विचारायचे. आपल्या वडिलांना आपल्याच घरात पाहुणा होताना पाहणं फार चमत्कारिक असतं. त्यावर मला काहीच सुचत नव्हतं.

ते सुचलं भट्टीला. डिसेंबरच्या सुरुवातीला तिची वार्षिक तपासणी करायला एक मिस्त्री आले. लाहोरकडचे, वयाने बाबांच्या बरोबरीचे, तीस वर्षं सौदीत काढलेले. बाबा त्यांच्या मागे उभे राहिले आणि पहिल्या दहा मिनिटांत दोघांनी एकमेकांना ओळखलं. नावाने नव्हे, पान्हा धरायच्या पद्धतीने. मिस्त्रींनी बर्नर साफ केले, ज्योत दाखवली.

"देखो बाऊजी, नीली होनी चाहिए. पीली हुई, नाचने लगी, तो समझो गडबड. बंद करो, मुझे फोन करो."

"आणि गॅसचा वास आला तर?" बाबांनी हे हिंदीत विचारलं, म्हणजे मराठीच, फक्त जरा जोरात.

"तो बत्ती का बटन भी नहीं दबाना. सब बाहर. फोन भी बाहर जाके."

बाबांनी हे सगळं वहीत उतरवलं. दर महिन्याला फिल्टर काढायचा, उजेडासमोर धरायचा, पलीकडचं दिसलं नाही तर बदलायचा. भट्टीजवळ रंगाचा डबा, रॉकेल, झाडू, कपडे काही ठेवायचं नाही. पॅसेजमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारी डबी आहे, तिचं बटण दर शुक्रवारी दाबून पाहायचं. शुक्रवारी सकाळी ती डबी किंचाळायची आणि पाठोपाठ बाबांचा समाधानी आवाज यायचा, "चालू आहे!" दोन आठवड्यांत ते कपाटं न विचारता उघडू लागले. एकदा मला म्हणाले, "चप्पल भट्टीच्या खोलीत काढू नकोस," आणि मला इतका आनंद झाला की मी मुद्दाम दुसऱ्या दिवशीही काढली.

बारीक नळीबद्दल मिस्त्री काही बोलले नव्हते. त्यांच्या लेखी ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी भट्टी लागेना. आतला छोटा पंखा घुमायचा, टक्‌ असा आवाज यायचा, मग सगळं गप्प आणि एक लाल दिवा लुकलुकत राहायचा. घरात माझा श्वास दिसत होता. बाबा स्वेटरवर माझी शाल, शालीवर माझ्या नवऱ्याचं जाकीट अशा थाटात भट्टीसमोर उभे होते.

मी कंपाउंडच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या गृहस्थांना पूर्वी सुपरवायझर म्हणत. त्या वर्षी त्यांच्या दारावर फॅसिलिटीज एक्सलन्स मॅनेजर अशी सोनेरी पाटी लागली होती. नळ तेवढेच गळत होते. ते म्हणाले, मिस्त्री जुम्माच्या नमाजानंतरच येतील, पण तोवर काळजी नको. आत एक छोटा स्विच आहे, तो उगीच अडवतो. त्याच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडा. खलास. गरम हवा सुरू.

मी बाबांना सांगितलं. कबूल करते, पाय इतके गारठले होते की मी पक्कडही शोधायला निघाले होते.

"दोन वायरी जोडा?" बाबा म्हणाले. "शहाणाच आहे. तो स्विच अडवतोय म्हणजे त्याला काहीतरी दिसतंय. धुराची वाट बंद असली म्हणजे? मिस्त्री म्हणाले होते, कुठलाही स्विच चुकवायचा नाही."

"ते मॅनेजर आहेत, बाबा."

"आमच्याकडेही होते. क्लोरिनचा मीटर बिघडला की काच पुसायला सांगायचे."

आम्ही थंडीत बसलो. त्यांनी तीनदा चहा केला. त्या सकाळी ते घरातले कर्ते पुरुष होते आणि त्यांना ते माहीत होतं.

दुपारी मिस्त्री आले. त्यांनी लाल दिव्याची लुकलुक मोजली, आतली एक रबरी नळी उपसली आणि मला म्हणाले, "डॉक्टर साहिबा, बाहर पाइप देखना है." बाबा आत टॉर्च धरून उभे होते, म्हणून मी गेले.

बारीक नळी गळत नव्हती. तिच्या तोंडात घट्ट पिळून बसवलेला बोळा होता. बनियनच्या कापडाचा, वरून दोरा गुंडाळलेला. असा बोळा मी जगात कुठेही ओळखला असता. साताऱ्याला रात्री झुरळं येऊ नयेत म्हणून आई तो मोरीत घालायची, आणि ती गेल्यावर बाबा. मी तो ओढला. भसकन पाणी आलं आणि माझ्या पायांवर पडलं.

मिस्त्रींनी बोळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तो कोटाच्या खिशात टाकला.

"बुजुर्ग हैं," ते हळू आवाजात म्हणाले. आत जाऊन त्यांनी बाबांना सांगितलं, "कुछ नहीं बाऊजी, कचरा फंसा था," आणि स्विच चुकवला नाही म्हणून त्यांची पाठ थोपटली. भट्टी लागली. बाबांनी ज्योत तपासली. "निळी," ते म्हणाले.

मी ते तिथेच सोडून देणार होते. चूक त्यांची होती हे कळलं तर ते पुन्हा खुर्चीच्या टोकावर बसतील, आणि महिनाअखेरीला साताऱ्याला जातील, त्या न्हाणीघरात. एका बनियनच्या तुकड्यापायी एवढं कशाला? पण टॉवेल घ्यायला आत गेले तर वॉशिंग मशीनवर आणखी दोन बोळे तयार होते. मोठे, मुठीएवढे. जाड नळ्यांच्या मापाचे.

इथे हिवाळ्यात लोक वाळवंटात तंबू ठोकतात, आत निखारे ठेवतात आणि थंडी वाजते म्हणून तंबू बंद करून घेतात. आत कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्यातले काही आमच्या विभागात येतात. मेंदूच्या मधोमध दोन्ही बाजूंना सारखेच दोन डाग असतात, कोणी मोजून ठेवल्यासारखे. मी ते डाग इतक्या वेळा पाहिलेत की रिपोर्ट लिहिताना हात थांबत नाही. त्या दोन बोळ्यांकडे पाहताना थांबला.

चहाच्या वेळी मी तिन्ही बोळे टेबलावर ठेवले.

बाबांनी ते पाहिले. "बारका कुठे मिळाला तुला?"

"नळीत. त्यानेच भट्टी बंद पडली."

"पण गळत होती ती. चोवीस तास. भिंतीला ओल धरली होती, झुरळं येत होती."

"ती गळायलाच हवी, बाबा. ही भट्टी धुरातली उष्णतासुद्धा ओढून घेते, मग त्यातल्या वाफेचं पाणी होतं. ते बाहेर जायलाच लागतं. तुंबलं की तो स्विच सगळं बंद करतो."

"आणि हे मोठे?"

मी बोलायच्या आत त्यांना कळलं. ते मला त्यांच्या बोटांवरून दिसलं. ती कपावरून सुटली.

"पाली शिरतील म्हणून केले होते," ते म्हणाले. "उद्या घालणार होतो."

"स्विच होता. भट्टी लागलीच नसती."

"आणि मी सकाळी वायरी जोडू दिल्या असत्या तर?"

"नाही जोडू दिल्यात."

"ते माझं शहाणपण नव्हतं. मिस्त्रींचं पाठ केलेलं होतं." ते उठले. "गळती थांबवली म्हणून खूश होतो मी."

शनिवारी ते बूट घालून खुर्चीत बसले. घरात, बूट. भट्टीच्या खोलीत गेले नाहीत. चष्मा कुठे ठेवू, असं मला विचारलं. दुपारी खोलीतून बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला आणि मी आत जायचं धाडस केलं नाही. खोटं बोलून त्यांना ठेवून घेता आलं असतं, हे मी त्या दिवशी स्वतःला वीसदा सांगितलं, आणि वीसही वेळा ते मोठे बोळे डोळ्यांसमोर आले.

रविवारी कामावरून परतले तेव्हा भट्टीच्या खोलीच्या दारावर वहीचा जोडकागद चिकटवलेला होता. नगरपालिकेच्या वळणदार अक्षरात, दोनदा अधोरेखित:

"सूचना. बारीक नळी गळणे हे तिचे काम आहे. सदर तिन्ही नळ्यांत कोणीही बोळा, चिंधी अथवा कागद घालू नये. बाहेरील तोंडे दर शुक्रवारी पाहून वाळू व कचरा काढावा. कोणताही स्विच चुकवू नये, मग सांगणारा मॅनेजर असो. हुकमावरून."

बाबा स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. अनवाणी.

"हे कोणासाठी लावलंत?" मी विचारलं. "या कंपाउंडात मराठी वाचतं कोण?"

"मी वाचतो ना," ते म्हणाले. "म्हातारा माणूस आहे. विसरला तर?"

कागदाच्या खाली पट्टीने आखलेला तक्ता होता. फिल्टर, डबी, नळ्या, ज्योत, आणि डावीकडे शुक्रवारच्या तारखा. जानेवारीच्या. फेब्रुवारीच्या. मार्चच्याही, शेवटपर्यंत. प्रत्येक तारखेपुढे सहीसाठी जागा सोडलेली आणि वर लिहिलेलं: तपासणाऱ्याची सही.

मी फोन काढला. "बाबा, तुमचा पासपोर्ट द्या."

"आता कशाला?"

"तुमचा तक्ता मार्चपर्यंत जातोय. व्हिसा फेब्रुवारीतच संपतोय."

ते कांद्यावर वाकले होते, म्हणून डोळ्यांचं काही सांगता येत नाही. "बॅगेत आहे, वरच्या कप्प्यात," ते म्हणाले. "आणि चप्पल तिथे काढू नकोस. किती वेळा सांगायचं?"