कुसुमताईंचं कापलेलं शून्य

अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्वदीर्घ मला कळत नाही. चौथीपर्यंतच शिकले. हे कोणी वाचणार नाही, तरी माफी मागून ठेवते, कारण ज्यांच्याबद्दल लिहिते त्यांना चुकीचं काम खपत नसे.

कुसुमताई गेल्याचं मला कचेरीच्या चहावाल्याकडून कळलं, तेही तेरवी होऊन गेल्यावर. वाडीतल्या माझ्या खोलीत त्या रात्री चूल पेटवली नाही... रडूही आलं नाही. लाज वाटली.

त्या आमच्या कचेरीतल्या कार्ड-पंचिंगच्या मुख्य होत्या. मुली टाइपरायटरसारख्या यंत्रावर पुठ्ठ्याच्या कार्डांना छिद्रं पाडत, प्रत्येक नोकराच्या पगाराचं एक कार्ड. कार्डांचा ट्रे वरच्या मोठ्या यंत्राकडे नेणं माझं काम. एकदा जिन्यावर ट्रे माझ्या हातून सुटला. कार्डं गोळा करून, जमतील तशी लावून मी वर दिली. यंत्र मधेच थांबलं. आकडा हवा तिथे अक्षर आलंय, एवढंच छापून देई. पगार अडकले. सगळे म्हणाले, गिरजानं गड्डा सांडला, दुसरं काय. साहेबांनी मला कामावरून काढायचं ठरवलं. मलाही वाटलं, माझ्याच हातून बिघडलं.

कुसुमताईंनी संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलं. यंत्रानं नाकारलेलं एकेक कार्ड त्या चांगल्या कार्डावर ठेवून खिडकीच्या उजेडात धरत होत्या. कार्डाच्या वरच्या कडेला छापलेलं दोन्हींवर सारखंच, गोल शून्य. पण खऱ्या शून्याला एक छिद्र असतं, नाकारलेल्यांवर दोन होती. ते इंग्रजी ओ होतं. ज्या जुन्या टाइपरायटरवर त्या शिकल्या त्याला शून्याची कळच नव्हती, सगळे ओ दाबत. त्या आठवड्यात एक मुलगी रजेवर, म्हणून तिच्या जागी त्या स्वतः बसल्या होत्या.

त्यांनी मला सगळ्यांसमोर बोलावलं.

"गिरजा, तुही चूक नाही वं. माह्या बोटाची हाये." आणि त्यांनी हात जोडले.

मी पाण्याच्या खोलीत पळाले. मागून कोणीतरी म्हणालं, "पाह्य वं, चोरी सापडल्यावानी पळून राहिली." सगळ्या हसल्या.

ताईंना मुख्य पदावरून काढून कोऱ्या कार्डांच्या भांडारात बसवलं. मी रोज त्यांच्यासमोर चहा ठेवी. त्या माझ्या पोरांची चौकशी करत, मी मान हलवी. एवढ्या मोठ्या बाईनं हात जोडले, त्यावर काय बोलायचं ते मला सुचलंच नाही. राहू द्या ताई, एवढं म्हणायला किती लागतं? वर्षं गेली...

त्या गेल्याचं कळल्यावर एका रविवारी मी लकडगंजात त्यांच्या घरी गेले. लेकीनं पाणी दिलं. स्वयंपाकघरात कॅलेंडरवर त्यांच्या हाताचा दुधाचा हिशेब होता. प्रत्येक शून्याच्या पोटातून तिरपी रेघ, कोणी त्याला ओ समजू नये अशी.

"आई असं काहून करे, काय मालूम," लेक म्हणाली. "किराण्याच्या चिठ्ठीतबी शून्य कापूनच लिहे. इचारलं तं नुसती हासे."

माझी नजर खालीच होती. पण या वेळी मी उठून पळाले नाही.

"माह्यासाठी," मी म्हटलं, आणि जिन्यावर ट्रे सुटला तिथपासून तिला सगळं सांगितलं.